काळं पडलेलं आतडं लगेच न कापता: सहा दिवसांच्या मुलीच्या पोटातल्या पिळाचं प्रकरण

मुलगी पूर्ण दिवसांची होती. ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती, वजन २.९ किलो. जन्मल्यावर लगेच रडली, चोवीस तासांच्या आत काळी शी झाली, अंगावर चांगली प्यायला लागली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी गेल्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं आणि या विकारात बहुतेकदा निघतही नाही. पाचव्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास तिनं पहिली उलटी केली, ती हिरवी. आजीनं नंतर आम्हाला सांगितलं, "मॅडम, पालक उकडल्याचं पाणी असतं ना, तसलं."

गावातल्या दवाखान्यात पोट दाबून पाहिलं गेलं, ते मऊ होतं. फुगलेलंही नव्हतं. गॅसचे थेंब दिले गेले आणि पाजत राहा असं सांगितलं गेलं. रात्रभर ती पीत होती आणि टाकत होती. सकाळी आशाताई आल्या. खरं तर त्यांची ठरलेली गृहभेट सातव्या दिवशी होती, पण त्या त्याच आळीत राहतात. दोरीवर वाळत टाकलेल्या दुपट्यांवरचे हिरवे डाग त्यांना दिसले. त्यांनी कुणाला विचारत न बसता १०८ ला फोन लावला. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय आशाताईंचा आहे, आणि तो पुढच्या सगळ्या शस्त्रक्रियांइतकाच मोलाचा आहे असं मी मानते.

जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात बालरोगतज्ज्ञांनी पाजणं थांबवलं, नाकातून जठरात नळी टाकली, सलाईन, प्रतिजैविकं आणि व्हिटॅमिन के सुरू केलं, एक्स-रे काढला आणि आमच्याशी, म्हणजे बालशल्यचिकित्सकांशी, बोलले. एक्स-रेमध्ये जठरात हवा होती, खाली फारच थोडी. एवढ्यावर निदान होत नाही. तरीही त्यांनी पुढच्या तपासण्यांसाठी बाळाला थांबवून घेतलं नाही. पहिल्या उलटीनंतर साधारण बावीस तासांनी ती आमच्याकडे पोहोचली.

तोपर्यंत चित्र पालटलं होतं. पोट फुगलेलं आणि हात लावला की बाळ कण्हायचं. शीमध्ये रक्ताचा अंश होता. हृदयाचे ठोके १८६, त्वचा दाबून सोडली तर रंग परत यायला पाच सेकंद. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की चढणारं आम्ल, ७.८, सोडियम १३१, प्लेटलेट ९०,०००. खाटेशेजारीच सोनोग्राफी केली. आतड्याची धमनी आणि शीर एकमेकींभोवती घड्याळाच्या दिशेनं गुंडाळलेल्या दिसल्या. या खुणेला भोवऱ्याची खूण म्हणतात. मधल्या आतड्याला पीळ पडला होता.

डाय पाजून काढलेला एक्स-रे ही आतड्याच्या चुकीच्या फिरण्याची सगळ्यात खात्रीची तपासणी आहे. आम्ही ती केली नाही. बाळ स्थिर असेल तर ती जरूर करावी, पण पोट फुगलेलं, लॅक्टेट चढलेलं आणि शीत रक्त असं बाळ समोर असताना एक्स-रे विभागात घालवलेला प्रत्येक अर्धा तास आतड्याच्या खात्यातून जातो. सलाईनचे दोन बोलस, रक्ताची मागणी, भूलतज्ज्ञांना निरोप आणि नातेवाइकांशी बोलणं हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

पीळ का पडतो

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं इतक्या झपाट्यानं वाढतं की ते पोटात मावत नाही. नाळेच्या बुडाशी ते बाहेर सरकतं आणि दहाव्या आठवड्यापासून परत आत यायला लागतं. या जाण्यायेण्यात आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीभोवती ते घड्याळाच्या उलट दिशेनं एकूण २७० अंश फिरतं. फिरणं पूर्ण झालं की लहान आतड्याची सुरुवात मणक्याच्या डावीकडे वर, आणि लहान-मोठ्या आतड्यांचा सांधा उजवीकडे खाली पक्का होतो. या दोन टोकांच्या मध्ये मेसेंटरी असते. आतड्याला पाठीमागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा आणि त्याला रक्त पुरवणारा हा पडदा. दोन टोकं लांब असली की पडद्याचं बूड रुंद होतं आणि आतडं त्याच्याभोवती फिरू शकत नाही.

फिरणं अर्धवट राहिलं की ही दोन्ही टोकं जवळजवळ येतात आणि जवळजवळ सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबकळतं. शिवाय सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, वर अडकून राहते आणि तिला भिंतीशी बांधणारे पट्टे ड्युओडेनमवरून, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागावरून, जातात, त्याला दाबतात. असं आतडं घेऊन जन्मलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. काहींना म्हातारपणी दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन केल्यावर कळतं. पण ज्यांना त्रास होतो त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांना तो आयुष्याच्या पहिल्या महिन्यातच होतो, आणि तेव्हा बहुधा देठालाच पीळ पडलेला असतो. देठात धमनी असते, त्यामुळे एका पिळानं आतड्याचा मार्गही बंद होतो आणि रक्तही.

पोट मऊ का होतं, हेही यातूनच कळतं. अडथळा अगदी वर, ड्युओडेनमपाशी असतो. खालच्या आतड्यात हवा जातच नाही, मग पोट फुगणार कशानं? पोट फुगतं ते आतडं मरायला लागल्यावर. नवजात बाळाचं मऊ पोट पाहून मनाला जो दिलासा मिळतो, तो या एका आजारात घातक ठरतो. हिरवी उलटी करणाऱ्या बहुसंख्य बाळांमध्ये शेवटी शस्त्रक्रियेचं कारण निघत नाही, हे खरं आहे. तरीही प्रत्येक हिरवी उलटी पीळ समजूनच तपासावी लागते, कारण ज्यांच्यात तो निघतो त्यांच्याकडे वेळ नसतो.

ऑपरेशनच्या आधीचं बोलणं

बाळाचे वडील, आजी आणि नुकतीच बाळंत झालेली आई, तिघंही बाहेर होते. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी एक प्रश्न विचारणं भाग होतं: पोट उघडल्यावर सगळंच लहान आतडं काळं निघालं तर काय करायचं?

हा प्रश्न ऑपरेशन टेबलावरून, हातमोजे घातलेल्या अवस्थेत, निरोप पाठवून विचारायचा नसतो. श्रीमंत देशांत अशा बाळाला घरी राहून वर्षानुवर्षं शिरेतून आहार देता येतो आणि पुढे आतड्याचं प्रत्यारोपण होऊ शकतं. आपल्याकडे घरी शिरेतून आहार देण्याची सोय जवळपास नाही, आणि आतड्याचं प्रत्यारोपण मोजक्या केंद्रांत होतं, तेही इतक्या लहान बाळांमध्ये क्वचितच. हे मी त्यांना सरळ सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "मॅडम, जेवढं जगेल तेवढं ठेवा." ती आतड्याबद्दल बोलत होती की मुलीबद्दल, हे मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी आमचं काम तेच होतं.

पहिली शस्त्रक्रिया

बेंबीच्या वर आडवा छेद घेतला. आतून लालसर गढूळ पाणी आलं. समोर जांभळ्या-काळ्या आतड्यांचा गठ्ठा, आणि मोठं आतडं कुठे दिसत नव्हतं, कारण ते देठाभोवती गुंडाळलं गेलं होतं. सगळा गठ्ठा पोटाबाहेर घेतला. पीळ घड्याळाच्या दिशेनं दोन पूर्ण फेरे, ७२० अंश. तो उलट दिशेनं सोडवला. सोडवण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगणं आवश्यक असतं, कारण अडकलेलं आम्ल आणि पोटॅशियम एकदम रक्तात परततं. रक्तदाब घसरला, पण ते तयारीत होते. ॲड्रेनलिन चालू करावं लागलं.

मग गरम सलाईनमध्ये भिजवलेले पॅक आतड्यावर ठेवले आणि थांबलो. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत नवशिक्या सर्जनला काहीतरी करावंसं वाटतं. करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे हात लांब ठेवणं.

पॅक काढून रेशमी धाग्यानं लांबी मोजली. वरचं ३५ सेंटिमीटर गुलाबी. त्याखालचं ९० सेंटिमीटर गडद, ठिकठिकाणी काळपट, कुठे हालचाल आहे कुठे नाही. त्याखालचं ३५ सेंटिमीटर काळंच. शेवटचं १२ सेंटिमीटर आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप ठीक. कुठेही छिद्र नव्हतं.

इथे तीन वाटा होत्या. पहिली, संशयित आणि काळं सगळं मिळून १२५ सेंटिमीटर कापून टाकायचं. ऑपरेशन एकदाच होतं, बाळ मेलेल्या आतड्याच्या विषातून सुटतं, पण हाती ४७ सेंटिमीटर उरतं. दुसरी, फक्त काळं ३५ काढायचं आणि बाकी ठेवायचं. तिसरी, छिद्र नसल्यामुळे काहीच न कापता बाहेर यायचं आणि एक-दोन दिवसांत परत पोट उघडून पाहायचं. प्रत्येक वाटेचे समर्थक सर्जन आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आम्ही तिसरी निवडली. काळा भाग आज काढला असता तर त्याची सीमा कुठे आखायची हे ठरवावं लागलं असतं, आणि ती सीमा संशयित भागातच पडत होती. डोळ्यांना दिसणारा रंग पीळ सुटल्यानंतरच्या पहिल्या तासात फसवतो. सुजेमुळे आणि शिरांमध्ये तुंबलेल्या रक्तामुळे जिवंत आतडंही काळपट दिसतं. याचा धोका आम्हाला माहीत होता: मेलेलं आतडं पोटात राहिलं तर संसर्ग रक्तात उतरू शकतो आणि बाळ दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत टिकेलच अशी खात्री नसते. पण लॅक्टेट टेबलावरच ७.८ वरून ५.१ वर आलं होतं, आणि त्या आकड्यानं आम्हाला धीर दिला.

ड्युओडेनमवरचे पट्टे मात्र तेव्हाच कापले आणि मेसेंटरीचं बूड पसरून मोकळं केलं, म्हणजे पीळ पुन्हा पडू नये. ही पद्धत बॉस्टनच्या बाल रुग्णालयातले विल्यम लॅड यांची. १९३६ मध्ये त्यांनी ती मांडली. त्याआधी सर्जन पीळ सोडवायचे आणि पोट शिवायचे. लॅड यांनी दाखवलं की पट्टे कापून, लहान आतडं पूर्ण उजवीकडे आणि मोठं आतडं डावीकडे ठेवलं, तर बूड रुंद राहतं. वरवर पाहता हे उलटं वाटतं, कारण आपण आतड्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी नेत नाही. चुकीच्या फिरण्याची जी स्थिती आहे ती तशीच मोकळी करून ठेवतो. आतडं टाक्यांनी कुठे बांधून ठेवायची गरज नसते. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, या शस्त्रक्रियेचा गाभा बदललेला नाही.

सुजलेलं आतडं आत कोंबलं असतं तर पोटातला दाब वाढून उरलासुरला रक्तप्रवाहही बंद झाला असता. म्हणून निर्जंतुक केलेली सलाईनची प्लास्टिकची पिशवी कापून छेदाच्या कडांना शिवली आणि आतडं त्यात ठेवलं. पिशवी पारदर्शक असते, त्यामुळे दर तासाला रंग पाहता येतो. अशी सोय कुठल्याही जिल्ह्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होऊ शकते, त्यासाठी महागडं काही लागत नाही.

छत्तीस तासांनी

दुसऱ्या वेळी सीमा स्पष्ट होती. संशयित ९० पैकी वरचं ३० सेंटिमीटर गुलाबी झालं होतं आणि चिमटा लावला की आकुंचन पावत होतं. उरलेलं ६० आणि आधीचं काळं ३५, सलग ९५ सेंटिमीटर मेलेलं होतं. ते काढलं. शिल्लक ६५ सेंटिमीटर वरचं आणि १२ सेंटिमीटर खालचं, झडपेसह. एकूण ७७.

४७ आणि ७७ यांच्यातल्या ३० सेंटिमीटरचं मोल सांगायचं तर असं: नवजात बाळाचं आतडं वाढतं, उरलेला भाग रुंद होतो, आतली लव लांब होते आणि शोषण्याची ताकद वाढत जाते. झडप आहे आणि ७७ सेंटिमीटर आहे, तर काही महिन्यांत शिरेतला आहार सुटण्याची चांगली आशा असते. ४७ मध्येही मुलं वाचतात, पण शिरेतल्या आहाराचा काळ कितीतरी लांबतो, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात कठीण आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी थांबण्याचा धोका घेणं योग्य होतं असं मला वाटतं ते या हिशेबानं. छिद्र पडलेलं असतं किंवा लॅक्टेट चढत असतं तर हिशेब वेगळा झाला असता.

मग जोडायचं की टोकं पोटावर काढायची? माझ्या सहकाऱ्याचं मत होतं की जोडून टाकावं, कारण इतक्या वरच्या स्टोमातून, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून, पाणी आणि क्षार वाहून जातील. मुद्दा बरोबर होता आणि पुढे तसंच घडलं. पण त्या दिवशी प्लेटलेट ४८,००० होत्या, ॲड्रेनलिन चालू होतं आणि आतड्याच्या कडा सुजलेल्या होत्या. अशा अवस्थेत जोडलेला सांधा सुटला तर बाळ हाती लागत नाही. दोन्ही टोकं पोटावर काढली. अपेंडिक्सही काढलं, कारण लॅड पद्धतीनंतर ते डावीकडे वर राहतं आणि वीस वर्षांनी सुजलं तर कुठल्याही डॉक्टरला ते अपेंडिक्सचं दुखणं वाटणार नाही.

शिरेतला आहार आणि त्याची किंमत

१९६८ साली फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी, त्यांत स्टॅन्ली डड्रिक होते, जवळजवळ सगळं लहान आतडं नसलेल्या एका बाळाची वाढ केवळ शिरेतल्या आहारावर झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी आमच्या मुलीसारखी बरीच बाळं ऑपरेशन टेबलावर वाचायची आणि नंतर भुकेनं जायची. आतड्याच्या जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रियेत इतकी मोठी झेप दुसरी झाली नसेल, आणि ती सुरीनं झालेली नाही.

या आहाराचे दोन शत्रू आहेत, संसर्ग आणि यकृत. मुलीला दोन्ही भेटले. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, मोठ्या शिरेतल्या नळीच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा जिवाणू वाढला. नळी काढली, प्रतिजैविकं दिली, दोन दिवस फक्त हाताच्या शिरेतून साधं सलाईन, मग नवी नळी. चौथ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले, थेट बिलिरुबिन (पित्त तुंबलं की रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) ५.२. आतडं वापरात नसलं, संसर्ग झाला आणि शिरेतून सोयाबीन तेलाची चरबी जास्त गेली, की नवजात यकृतात पित्त साचतं. चरबी दिवसाला किलोमागे एक ग्रॅमवर आणली आणि नंतर माशाच्या तेलाचा अंश असलेली मिश्र चरबी मिळवली. तिच्यासाठी एका धर्मादाय संस्थेनं मदत केली. ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले योजनेतून झाला, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या अशा आहाराचा खर्च कुठल्याही एका पॅकेजमध्ये नीट बसत नाही. लहान मुलांच्या आतड्याच्या निकामीपणाकडे योजनांनी वेगळा आजार म्हणून पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

यकृतासाठी सगळ्यात चांगलं औषध मात्र तोंडातून जाणारं दूध आहे. दहाव्या दिवसापासून आईचं दूध दर तीन तासांनी दोन मिलिलिटर सुरू केलं. आईला दूध कमी पडायला लागलं तेव्हा मिल्क बँकेतून आणलं. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात ही कल्पना रुजली आहे आणि अशा बाळांना तिचा थेट फायदा होतो.

दूध वाढवलं तसा स्टोमातून स्राव वाढला, दिवसाला किलोमागे ४५ मिलिलिटर. जेवढं जाईल तेवढं सलाईननं भरून काढत होतो, रक्तातलं सोडियम ठीक होतं, उष्मांक पुरेसे होते, आणि तरी दहा दिवस वजन हललं नाही. लघवीतलं सोडियम तपासलं तर ८. मूत्रपिंडं क्षाराचा कण न्‌ कण राखून ठेवत होती. शरीरात मीठ कमी असलं की बाळ कितीही खाल्लं तरी वाढत नाही. रक्तातला आकडा हे लपवतो, लघवीतला उघड करतो. सोडियम वाढवल्यावर आठवड्याच्या आत वजन चढायला लागलं.

त्यानंतर वरच्या स्टोमातून येणारा स्राव पिशवीतून ओढून खालच्या टोकात पातळ नळीनं सावकाश सोडायला सुरुवात केली. कोरडं पडलेलं खालचं आतडं यानं जागं होतं, पित्त पुन्हा शोषलं जातं, क्षार वाचतात. हे काम दिवसातून आठ वेळा करावं लागतं आणि ते करणाऱ्या परिचारिकांशिवाय या प्रकरणाला पुढचं पान नसतं. पुढे आईनंही ते शिकून घेतलं. स्टोमाभोवतीची कातडी सोलली जाऊ नये म्हणून झिंक ऑक्साइडचा जाड थर लावायचा आणि पिशवी गळायला लागली की लगेच बदलायची, यातही ती आमच्यातल्या काहींपेक्षा दक्ष होती.

आठव्या आठवड्यात, वजन ३.४ किलो असताना, आतडं जोडलं. वरचं टोक रुंद आणि खालचं अरुंद होतं, पण स्राव परत सोडत राहिल्यानं फरक कमी झाला होता. खालचं टोक तिरकं कापून सांधा केला. तो धरला. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस शिरेतला आहार पूर्ण बंद झाला, त्यानंतरच्या महिनाभरात कावीळ ओसरली. ती घरी गेली तेव्हा सोबत जीवनसत्त्व अ, ड, ई, के, झिंक, लोह आणि एक पत्र होतं. पत्रात ऑपरेशनचं वर्णन, उरलेल्या आतड्याची लांबी, अपेंडिक्स काढल्याची नोंद, आणि पुन्हा हिरवी उलटी झाली तर कुणाला फोन करायचा ते मोठ्या अक्षरांत.

दहाव्या महिन्यात

ते पत्र कामाला आलं. मुलगी रांगत होती, वरणभात खात होती. एका दुपारी पोट फुगलं आणि हिरवी उलटी झाली. दोन तासांत ती आमच्याकडे होती. यावेळी कुणी थेंब दिले नाहीत.

दोन शक्यता होत्या, पीळ पुन्हा पडला असेल किंवा पोटात चिकटलेल्या पट्ट्यात आतडं अडकलं असेल. लॅड शस्त्रक्रियेनंतर पीळ पुन्हा पडू शकतो, क्वचित. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचा भोवरा नव्हता, लॅक्टेट १.६ होतं, पोट फुगलेलं असलं तरी दाबल्यावर दुखत नव्हतं. नळी टाकून, सलाईन देऊन वाट पाहिली. चिकटून झालेला अडथळा पुष्कळदा असा सुटतो. पण दुसऱ्या दिवशी नळीतून येणारं पाणी वाढलं आणि हृदयाचे ठोके चढायला लागले. पोट उघडलं. एकच पट्टा होता, जुन्या सांध्यापासून पोटाच्या भिंतीपर्यंत ताणलेला, त्याखाली आतडं दबलेलं. पट्टा कापला, एक सेंटिमीटरही आतडं काढावं लागलं नाही. मेसेंटरीचं बूड रुंद होतं आणि जागेवर होतं. ज्या मुलीकडे ७७ सेंटिमीटरच आहे तिच्या बाबतीत वाट पाहण्याला मर्यादा हवी, म्हणून आम्ही इतर मुलांपेक्षा लवकर आत गेलो.

आज ती तीन वर्षांची आहे. वजन ११.८ किलो, म्हणजे वाढीच्या तक्त्यावर खालच्या पट्ट्यात, पण स्वतःच्या रेषेला धरून. शी दिवसातून तीन-चार वेळा होते, फार गोड काही खाल्लं की पातळ. बी-१२ आणि पित्ताम्लं आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जातात आणि तिच्याकडे त्या भागाचं १२ सेंटिमीटर उरलं आहे. दोन वर्षांची असताना बी-१२ कमी आढळलं, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन चालू आहे, बहुधा ते कायम राहील. आतडं लांब करण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, मँचेस्टरच्या बियांकी यांनी १९८० मध्ये मांडलेली आणि २००३ मध्ये बॉस्टनहून आलेली नागमोडी छेदांची. तिला त्यांची गरज पडलेली नाही. आतडं फार रुंद होऊन त्यात जिवाणू माजले तर विचार करावा लागेल, म्हणून वर्षातून एकदा पोटाची तपासणी होते.

मागच्या भेटीत आईनं विचारलं की पुढच्या मुलाला असं होईल का. भावंडांमध्ये हा विकार झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण थोडी, बहुतेक वेळा तो घरात एकाच मुलाला होतो. गरोदरपणात तो ओळखणारी खात्रीची तपासणी नाही. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात सोनोग्राफी करून रक्तवाहिन्यांची जागा पाहता येईल, पण ती ठीक दिसली तरी विकार नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही, हेही त्यांना सांगितलं. दोघांनी आपसात बोलून ठरवलं आहे की प्रसूती जिल्हा रुग्णालयात करायची, जिथे नवजात शिशू कक्ष आहे, आणि पहिला आठवडा तिथून जवळच, आत्याच्या घरी राहायचं.